खालची पापणी

दगडूमामांना कुणी भेटलं की रामराम करायच्या आधी ते अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढतात आणि म्हणतात, "वर बघ." माणूस बिचारा वर बघतो. आत लाली दिसली तर मामा "बेस हाय" म्हणतात आणि चहा येतो. फिकं दिसलं तर आधी गूळ-शेंगदाणे, चहा मागाहून.

माझी बँकेतली पहिली नेमणूक अकोले तालुक्यात झाली, आणि आईने मला परस्पर तिच्या या भावाकडे राहायला धाडलं. मी नगरला इंग्रजी शाळेत शिकलेली, कुणी जवळ आलं की अर्धं पाऊल मागे सरकणारी. जीपमधून उतरून बॅग खाली ठेवते तोच अंगठा आला. मी मान फिरवली.

"लाजू नगं भाचीबाई, वासरंबी पयल्यांदा असंच करत्यात."

त्यानंतर मी ती तपासणी रोज टाळत आले.

ही खोड गोठ्यातून लागलेली. चरणाऱ्या वासराच्या पोटात जंत झाले की ते रक्त पितात, वासराचं पोट सुटतं, केस राठ होतात आणि पापणीची लाली उतरते. मामांना हे कुणीतरी सांगितलं आणि तेव्हापासून जगात त्यांना दोनच जाती दिसतात, लाल आणि पांढरी. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा पोहे यायच्या आत त्यांनी मुलाची पापणी ओढली होती. मुलाला वाटलं, इकडे अशी रीत असेल. त्याची आई पुढे सरकून म्हणाली, "माझीबी बघा हो, मला चक्कर येती." लग्न जमलं. मुलगी आता पुण्याला असते.

दुसरं वेड दवाचं. जंतांची पिल्लं ओल्या गवतावर चढून बसतात, म्हणून दव सुकल्याशिवाय वासरू चरायला सोडायचं नाही. मामा सकाळी अनवाणी माळावर फेरी मारतात आणि एका पायावर उभं राहून दुसऱ्याचा तळवा बघतात. ओला असला तर वासरं दावणीलाच.

शेजारचे किसनतात्या बांधावरून ओरडतात, "दगडू, गवत पंच्यानं पुसून देतो का काय रं वासरांना?"

"देतो की! तुझा पंचा आन. माझा चांगला हाय."

गोठ्यात चिमी नावाची एक कालवड होती. तिची आई तिला जन्म देऊन गेली, तेव्हा मामांनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. मामी जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. मामा सगळ्या वासरांच्या पापण्या बघत, पण चिमीपाशी आले की नुसती पाठ थोपटून पुढे जात. पावसाळा सरता सरता तिचं पोट घागरीसारखं झालं, जबड्याखाली सूज आली.

"मामा, चिमीची पापणी?" मी एकदा विचारलं.

"ती बेस हाय," मामा दुसरीकडे बघत म्हणाले.

मग एका सकाळी चिमी उठेना. मामा दारातच थांबले. "तू बघ भाचीबाई. माजा धीर न्हाई."

मी आयुष्यात वासराला हात लावला नव्हता. गुडघे टेकून तिची पापणी ओढली. आत खोबऱ्यासारखं पांढरं.

गुरांच्या डॉक्टरीणबाई स्कूटीवरून आल्या. चिमीच्या छातीला टेप लावून त्यांनी वजनाचा अंदाज घेतला. "जंताचं औषध दिलं होतं?"

"दिल्तं."

"किती?"

मामांनी वर पत्र्याकडे बघितलं. "निम्मं."

"निम्मं का?"

"कडू लागतं तिला. लई तोंड वाकडं करती."

"अहो, सगळ्या गावाला शिकवता तुम्ही! निम्म्या औषधानं जंत मरत नाहीत, उलट सरावतात." बाईंनी पुरतं औषध पाजलं, सुई टोचली. जाताना हळूच म्हणाल्या, "फार अशक्त आहे. रंग परत येतो का बघत राहा."

बघायचं काम माझ्याकडे आलं. रोज बँकेत जाण्याआधी मी चिमीपाशी बसायची, आणि मामा पाठ करून वैरण सारखी करत राहायचे.

"काय म्हंती?"

"पांढरंच आहे, मामा."

ते पुन्हा तीच वैरण सारखी करायचे. चिमी उभी राहायला लागली, हिरवा चारा ओढायला लागली, तरी त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

एक दिवस मला पापणीत काहीतरी वेगळं वाटलं. तिचं तोंड दाराकडे वळवून पुन्हा बघितलं. "मामा, गुलाबी आहे."

"नीट बघ. उजेडाला बघ."

"उजेडालाच बघतेय. गुलाबी आहे."

मामा हातातल्या वैरणीसकट मटकन खाली बसले. चिमीने त्यांच्या हातातली वैरण ओढली, तेव्हा कुठे ते हसले. मग उठून माझ्याकडे आले. मला वाटलं, आता माझी पाळी. या वेळी मी मागे सरकले नाही.

पण मामा वाकले आणि त्यांनी अंगठा स्वतःच्याच डोळ्याखाली लावला.

"येवढा माजाबी बघ की. तुजी मामी बघायची. आरशात काय धड दिसत न्हाई."

मी त्यांचा अंगठा बाजूला करून तिथे माझा ठेवला.

"वर बघा, मामा."

मामांनी शहाण्या मुलासारखं वर बघितलं.

"बेस हाय," मी म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले.