छत्रीवालीचे तीन शुक्रवार

थोरल्याला आई आठवायची ती फक्त शुक्रवारी, आणि तीही टीव्हीसकट. माईंची ही तक्रार लिफ्टमध्ये ऐकली नाही असा माणूस त्या इमारतीत नव्हता. मोठा टीव्ही माईंचा, वर्गणीही माईंच्या नावावर, आणि मालिका अशी की आठवड्याला एकच भाग सोडायचे. नायिकेने दार उघडलं, की दारात कोण ते न दाखवताच भाग खलास. मग पुढच्या शुक्रवारी थोरला आणि सून मुकाट हजर.

"बघा, कसे बांधून ठेवतात," माई म्हणायच्या. "मी नऊ महिने पोटात ठेवला, पण मला नाही जमलं."

शेवटी मालिका संपली.

"आई, ही वर्गणी बंद करतो," थोरला म्हणाला. "पुढचा सीझन वर्षभर येत नाही."

त्याने बटण दाबलं तसा पडदा गयावया करू लागला. खरंच जाताय? एक महिना फुकट देऊ? थोरल्याने ढुंकूनही पाहिलं नाही. बूट घालायला दाराशी बसला. माईंनी ओळखलं, आता हा कशाला येतोय!

"तुझ्या काकाचं लग्नाआधी एक प्रकरण होतं," त्या एकदम म्हणाल्या.

बूट हातातच राहिला. "काकाचं? कोण होती?"

"हिरव्या छत्रीवाली. त्याच्या दुकानात घड्याळ दुरुस्तीला यायची. एकदा रडत रडत आली, काकाच्या हातात एक डबा दिला आणि म्हणाली..."

"काय म्हणाली?" सून पुढे सरकली.

"ते पुढच्या शुक्रवारी."

प्रकरणबिकरण काही नव्हतं. एक बाई दुकानात छत्री विसरली आणि दुसऱ्या दिवशी घेऊन गेली, एवढंच. पण तेवढ्यावर माईंनी दोन शुक्रवार ओढले. डब्याला कुलूप लावलं, किल्ली विहिरीत टाकली, काकाला स्टेशनवर ताटकळत ठेवलं. तिसऱ्या शुक्रवारापर्यंत कळ काढणं सुनेला जमेना. तिने थेट काकूलाच फोन लावला, "काकू, त्या डब्यात काय होतं हो?"

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी काकू, म्हणजे माईंची धाकटी जाऊ, बॅग घेऊन दारात.

"माई, कोण ती सटवी?"

"शुक्रवारी सांगते."

"मग शुक्रवारपर्यंत मी इथून हलत नाही."

आणि खरंच हलली नाही. माईंच्या पलंगावर झोपली, माईंच्या चहाला नावं ठेवली, माईंचीच भांडी पुन्हा घासली. संध्याकाळी काका धापा टाकत आले.

"वहिनी, अहो, स्टेशनवर माझं पुढे काय झालं? काल रात्रभर ही तेच विचारत होती, मी सांगू काय?"

"भाऊजी, तुम्ही मध्ये मध्ये बोलू नका."

शुक्रवारी घर गच्च भरलं. जाऊने बॅग मांडीवर घेतली होती. आज उत्तर चुकलं तर ती नवऱ्याच्या घरी जात नव्हती आणि माईंच्या घरातून निघत नव्हती. माईंनी घसा खाकरला.

"गाडी आली. छत्री वर झाली. आणि खाली चेहरा कोणाचा? आपल्या धाकट्या जाऊबाईंचा!"

"माझा?" जाऊ गडबडली. "माझी छत्री तर काळी होती."

"हिरवी होती!" काका उभेच राहिले. "मला अजून दिसते डोळ्यांसमोर."

"इश्श! आणि डब्यात काय होतं?"

"ते घरी सांगतो," काकांनी बॅग उचलली. उभ्या जन्मात त्यांना इतक्या झटकन काही सुचलं नव्हतं. जाऊ लाजत त्यांच्यामागून गेली.

थोरला हाताची घडी घालून उभा होता. "आई, हे सगळं खोटं ना?"

"पहिल्या शब्दापासून."

"अगं, काकांचा संसार मोडला असता! असं वागतं का कोणी?"

माईंनी पदर खोचला. "आईने नुसतं 'ये रे' म्हटलं तर तुला कामं आठवतात, आणि काकाची अब्रू वेशीला टांगली की वेळच वेळ. अरे, असल्या लेकाच्या आईला खरं बोलणं परवडत नाही!"