सपाट प्रांताचं सर्वांत उंच शिखर

गजराबाईचं कुणी खरं मानलं नाही, पोरांनो. आधीही नाही आणि नंतरही नाही. आता मी तिची गोष्ट सांगते तर माझंही कुणी खरं मानत नाही. म्हणतात, जंगलात कुठे असं असतं का! अरे, जंगलात नसतं तर मग कुठे असतं? तुम्ही आपले गप ऐका. मध्ये मध्ये 'मग काय झालं' म्हणायचं नाही. काय झालं तेच सांगायला बसलेय.

तर एका जंगलात एक सिंह होता. सिंह असतोच. त्याच्याशिवाय जंगल चालत नाही, असं तो सांगतो.

हा सिंह एकदा शेजारच्या जंगलात पाहुणचाराला गेला. तुडुंब जेवला. काय जेवला ते विचारू नका, तुम्हाला रात्री घास जायचा नाही. पंजे चाटता चाटता तिथला सिंह म्हणाला, "आमच्या दर प्रांतात एक सर्वांत उंच शिखर आहे. तोंडपाठ आहेत सगळी. तुमची कोणकोणती?"

आपल्या सिंहाला एकही सांगता येईना. त्यानं मोठी जांभई देऊन वेळ मारून नेली. पण घरी आला तो फणफणतच.

"पावसाआधी प्रत्येक प्रांतानं आपलं सर्वांत उंच शिखर दाखवावं," त्यानं हुकूम काढला. "ज्याचं सगळ्यांत उंच, त्याचा मुखिया दरबारात माझ्या शेजारी बसेल. बाकीचे उभे राहतील."

शिखरं मोजायला उंटाला नेमलं. उंट जंगलात कुठून आला? बदली होऊन आला. त्याला डोंगरातलं काय कळत होतं? काही नाही. पण तो स्वतः उंच होता आणि बोलताना खाली बघायचा. तेवढ्यावर नेमणुका होतात.

उंट आधी डोंगरप्रांतात गेला. तिथे शिखरांना तोटा नव्हता, हीच अडचण. वानरांच्या दोन टोळ्या दोन शिखरांवर बसल्या होत्या आणि एकमेकांना दगड मारत होत्या.

"आमचं उंच!"

"तुमचं कसलं? आमच्या म्होरक्याची शेपटी धरून मोजा!"

"मग आमच्याचीही धरा!"

उंटानं दोन्ही शेपट्या धरल्या. दोन्ही टोळ्यांनी त्याला मारलं. डोंगरप्रांताचा निकाल राखून ठेवला गेला.

मग खाडीप्रांत. तिथली मुखिया मगर. ती म्हणाली, "आहे की शिखर. पाण्याखाली आहे."

"दिसत नाही," उंट म्हणाला.

"ओहोटीला या."

उंट ओहोटीला गेला. चिखल दिसला.

"याहून मोठ्या ओहोटीला या. जरा जवळ येऊन बघा," मगर म्हणाली आणि हसली. मगर हसली की सगळे दात दिसतात. उंटानं लांबूनच उंची मान्य केली.

राहिला सपाट प्रांत.

हा प्रांत एवढा सपाट होता, की रुसून घर सोडून गेलेली गोगलगाय संध्याकाळपर्यंत दारातून दिसत राहायची. ना डोंगर, ना टेकडी. इथला मुखिया होता सुळेराव रानडुक्कर. मनानं वाईट नव्हता. पण दरबारात त्याला कायम शेवटी, दाराशी उभं राहावं लागे. तो आत शिरला की कोल्हे म्हणायचे, "आले, आले, खालचे आले!" आणि पाणी खालीच जातं म्हणत अंगावरचं पाणी त्याच्यावरच झटकायचे. हे त्याच्या मनात सलत होतं. सलणारच. पण सलतं म्हणून काय वाट्टेल ते करायचं का?

सपाट प्रांतात एकच तळं होतं. तळ्याला एकच बांध, मातीचा, जुन्यांनी घातलेला. सगळा प्रांत त्या तळ्यावर जगायचा. आणि तिथे एक रीत होती. पाणी प्यायलं की निघताना एक दगड बांधाला द्यायचा. पाण्याच्या बाजूनं, बांधाच्या पोटाला लावायचा. त्याला म्हणायचे पाण्याचा दगड. म्हैस नाकाडानं ढकलायची. हरिण खुरानं सरकवायचं. ससा दातात खडा धरून न्यायचा, खडा तर खडा. पावसाळ्यात लाटा आपटल्या तरी त्या दगडांमुळे माती धुपत नसे. पण ते आता कुणाच्या ध्यानात नव्हतं. बाप करायचा म्हणून लेक करायचा. का, ते कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. घोळ झाला तो इथंच.

त्याच बांधावर गजराबाई राहायची. गजराबाई म्हणजे टिटवी. टिटवीचं घरटं तुम्ही बघितलंय? नसतंच. चार खडे आणि मध्ये चार अंडी. त्या वर्षी तिनं अंडी बांधाच्या अगदी माथ्यावर घातली होती. टिटवीनं अंडी उंच घातली की पाऊस जोरदार, सखल घातली की पाऊस कमी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक असतं ना, ते फार सांभाळून वापरावं लागतं.

सुळेराव सबंध प्रांत फिरला. एक वारूळ बघितलं, पण त्यात नाग निघाला. मग उकिरड्यावर चढून बघितलं. उंची बरी होती, पण दरबारात सांगणार काय? शेवटी तो बांधावर येऊन उभा राहिला आणि त्याच्या अंगावर काटा आला.

"हेच! हेच आपलं शिखर!"

उंटाला बोलावलं. उंटानं बांधाकडे बघितलं, मग आपल्या पायांकडे बघितलं.

"हे माझ्या गुडघ्याला येतंय, सुळेराव."

"वाढतं शिखर आहे साहेब," सुळेराव म्हणाला. "जरा मुदत द्या."

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. पाण्याचा दगड यापुढे बांधाच्या पोटाला लावायचा नाही. बांधाच्या कडेला जो पक्का खडक आहे, त्याच्यावर नेऊन ठेवायचा. तिथे ढीग होईल. ढिगाचं शिखर होईल. केळीच्या पानावर सुळेरावाचं तोंड काढून जागोजागी लावलं. सुळे जरा जास्तच पांढरे दाखवले होते.

ढीग वाढेना. उन्हाळ्यात तळं आटलेलं. पाणी प्यायला येणारे थोडे आणि दगड वर चढवायचा म्हटल्यावर तर तेही तहानलेलेच परत जायला लागले. तेव्हा सुळेरावाला सुचलं.

"अरे, बाहेर कशाला शोधता? बांधाच्या पोटाला ढीगभर दगड नुसते पडलेत! चला, काढा!"

काढायला लागले. सगळे लागले. प्रांताची इज्जत होती ना!

"ए! ए! काय करता रे?" गजराबाई ओरडली. "बांधाचं पोट उघडं पडलं की पाऊस त्याला खाईल! बांध फुटेल! सगळे बुडाल!"

"टिटवी ओरडतेच," ससे म्हणाले.

"सुळेभाऊ, तुम्ही तरी बघा! माती हाताला लागतेय!"

"गजराबाई, चांगल्या कामात अपशकून करू नका," सुळेराव म्हणाला. "दर वेळेला तुमचं आपलं काहीतरी. गेल्या वर्षी कोल्हा आला म्हणून ओरडलात."

"आला नव्हता?"

"आला होता. पण रात्री-अपरात्री एवढं ओरडायचं असतं का?"

शेजारी पारू म्हैस चिखलात बसली होती. ती डोळे न उघडता म्हणाली, "अगं गजरे, गप बस की. तुझी अंडी उबव आणि गप बस. मी बघ कशी गप बसते."

"तू चिखलात बसतेस, पारे. माझी पोरं बांधावर आहेत."

"म्हणून तर म्हणते, गप बस."

होता होता ढीग चांगला उंच झाला. उद्घाटन ठरलं. उंट येणार, फीत कापणार, मग ढिगावर चढून सगळे शिखराबरोबर आपापलं तोंड चितारून घेणार. आणि नेमके तेव्हाच आभाळात ढग जमायला लागले. सुळेरावानं वर बघितलं. मग त्याची नजर गेली बांधाच्या माथ्यावर.

"ही अंडी कुणी इथे घातली?"

"मी. दुसरं कोण घालणार? तुम्ही?" गजराबाई म्हणाली.

"उंचावर घातलीत! म्हणजे पाऊस बोलावलात! आमच्या उद्घाटनावर पाऊस!"

"अहो, पाऊस काय माझी अंडी बघून पडतो? पावसाचं लक्षण बघून मी अंडी घालते!"

"एकच झालं ते."

"एक कसं? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?"

पण सुळेरावाचं ठरलं होतं. अंडी सखल ठेवली की पाऊस कमी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि प्रांतातली सगळ्यांत सखल जागा कोणती? तळ्याचा आटलेला तळ. दोन सशांनी पळसाच्या पानावर अंडी घेतली आणि नीट, जपून, एकही न फोडता तळ्याच्या तळाशी नेऊन ठेवली. फार सभ्यपणानं केलं हो सगळं.

गजराबाई चोची मारत मागं धावली. सशांच्या कानांना भोकं पाडली. उपयोग शून्य. टिटवीला अंडी उचलता येत नाहीत, पोरांनो. चोच तेवढी नाही. मग ती काय करणार? त्या भेगाळलेल्या तळात अंड्यांवर जाऊन बसली. वर ढग, खाली अंडी. आधी पाऊस येतो की आधी कवच फुटतं, एवढंच आता उरलं होतं. तरी ओरडायची थांबली नाही. फरक एवढाच, की आता आवाज खालून यायचा, म्हणून लोकांना त्रास कमी.

उद्घाटनाच्या दिवशी उंट आला. सुळेरावानं त्याला शाल दिली. उंट म्हणाला, "उंची ही मनाची असते." टाळ्या पडल्या. मग म्हणाला, "पण मोजावी लागते." टाळ्या थांबल्या. त्यानं मान लांब केली आणि तेवढ्यात त्याच्या नाकावर टपकन थेंब पडला.

त्याच वेळी तळात पहिलं अंडं तडकलं. मग दुसरं. तिसरं. चौथं काही फुटेना आणि पाणी तर बोटभर चढलेलं. गजराबाईनं चौथ्यावर अशी चोच मारली, अशी मारली, की आतलं पिल्लू बाहेर आलं ते आईला घाबरूनच. टिटवीची पिल्लं जन्मल्या दिवशीच धावतात. नशीब त्यांचं. पुढे आई, मागे चार गोळे, चिखल तुडवत निघाले ते थेट दगडांच्या ढिगावर. त्यांना शिखर दिसत नव्हतं. त्यांना कोरडी जागा दिसत होती.

पाऊस पडतच राहिला. तळं भरलं. लाटा उठल्या आणि बांधाच्या उघड्या पोटावर आपटायला लागल्या. माती विरघळली. आणि मग धाडकन बांध फुटला.

सगळा प्रांत पळत सुटला. कुठे? उंचावर. उंच काय होतं? ढीगच! हरणं, ससे, पारू म्हैस, सुळेराव, शाल पांघरलेला उंट, सगळे एकमेकांच्या पाठीवर पाय देऊन चढले. वर गजराबाई पंख पसरून पिल्लांवर बसली होती.

"जरा सरका की बाई," सुळेराव म्हणाला.

गजराबाई काही बोलली नाही. त्या सगळ्या गोष्टीत ती एवढ्या एकाच वेळी गप बसली, आणि तेव्हा मात्र सगळ्यांना वाटलं, बोलायला हवं होतं.

मेलं कुणी नाही. पण पाणी ओसरलं तेव्हा तळं नव्हतं. बांध नव्हता. लोंढ्यानं ढिगाच्या पायथ्याची जमीन कोरून हा एवढा खड्डा पाडला होता. उंट त्या खड्ड्यात उतरला. तळाशी उभा राहिला. मान वर केली. आणखी वर केली. मान संपली, ढीग संपेना.

"अद्भुत!" उंट म्हणाला. "सुळेराव, तुमचं शिखर एका रात्रीत दुप्पट झालंय!"

झालं. डोंगरप्रांत भांडतच होता, खाडीप्रांत पाण्याखालीच होता. सपाट प्रांताचा पहिला नंबर आला. सुळेराव दरबारात सिंहाच्या शेजारी बसला. कोल्हे म्हणाले, "आले, आले, वरचे आले!"

पुढचा उन्हाळा आला. सपाट प्रांताला तहान लागली. लोक शिखराभोवती जमले. शिखर बघून तहान भागत नाही, हे तेव्हा कळलं. कुणीतरी विचारलं, "बांध फोडला कुणी?"

चौकशी नेमली. अध्यक्ष सुळेराव. साक्षीला पारू म्हैस.

"पारूबाई, बांध फुटायच्या आधी तुम्ही काय बघितलं?"

"मी डोळे मिटून होते."

"ऐकलं काय?"

पारू घुटमळली. तिला धडधडीत खोटं बोलता येत नव्हतं. "बांध फुटेल, बांध फुटेल, असं कुणीतरी रोज ओरडत होतं खरं."

"कोण?"

पारूनं गजराबाईकडे बघितलं. "तुला म्हटलं होतं ना गजरे, गप बस."

"रोज ओरडत होती!" ससे म्हणाले. "तिनंच अंडी उंच घातली!"

"तिनंच पाऊस बोलावला!"

"आणि सगळे बुडाल म्हणाली, न् स्वतः तेवढी वेळेवर वर जाऊन बसली!" उंट म्हणाला. हा पुरावा सगळ्यांना फार आवडला.

"अरे मेल्यांनो," गजराबाई म्हणाली, "दगड कुणी काढले?"

"सगळ्यांनी," सुळेराव शांतपणे म्हणाला. "आणि सगळ्यांनी केलेलं कुणी केलेलं नसतं."

तात्पर्य: बांधाचे दगड खुशाल काढावेत. हळू काढावेत, म्हणजे आवाज होत नाही. बांध फुटणार असं दिसलं, तर आपली पोरं घ्यावीत, उंचावर जावं आणि चोच बंद ठेवावी. कारण दगड काढणारा कुणाला ऐकू येत नाही, ओरडणारा सगळ्यांना येतो. आणि उद्या तुमच्या गावचा बांध फुटला, तर चौकशीवर वेळ घालवू नका. फोडणारी आधीच सापडलेली आहे. गजराबाई टिटवी.