बकाराम अध्यक्षांचं ग्रंथालय

बकाराम दिघोऱ्यांबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. तोंडी मात्र पुष्कळ सांगितलं. लग्नाच्या पंगतीत, पानठेल्यावर, लाखनीच्या बसथांब्यावर, जिथे हसायला तयार माणसं भेटतील तिथे. किस्साच तसा होता. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांसारखं स्वतःच्या नावाचं ग्रंथालय काढणारा अध्यक्ष आमच्या अख्ख्या जिल्ह्यात एकच, आणि तो आमच्या गावच्या मच्छीमार संस्थेचा. तोही माजी.

ही कल्पना त्याच्या डोक्यात घातली मी. गावच्या शाळेत मी इतिहास शिकवायचो. एकदा चहाच्या टपरीवर सहज म्हणालो, "अमेरिकेत अध्यक्ष पायउतार झाला की त्याच्या नावाचं ग्रंथालय बांधतात. त्याचे कागद, त्याला मिळालेल्या भेटी, सगळं तिथे ठेवतात."

"मंग लोक कायले येतेत तिथं?"

"संशोधन करायला. अध्यक्ष खरा कसा होता, ते शोधायला."

बकारामने बशीतला चहा तसाच ठेवला. "म्हणजे अध्यक्षाले सोताच्या तोंडानं काही सांगा लागत नाही?"

"नाही. तो फक्त कागद ठेवतो. बाकी संशोधक बघतात."

"हे बेस हाय," तो म्हणाला, आणि पुढच्याच आठवड्यात त्याच्या घराच्या छपरीवर पाटी लागली: 'अध्यक्षीय ग्रंथालय व संशोधन केंद्र. चपला बाहेर काढाव्या.'

ग्रंथ एकच होता, मत्स्यबीज संगोपनाची सरकारी पुस्तिका. बाकी काचेच्या कपाटात सभांच्या नोटिसा, सत्काराच्या शाली, सत्कारातलेच वाळून खडखडणारे नारळ आणि बीजतळ्याच्या उद्घाटनाची कात्री. कात्रीला हात लावलेला खपायचा नाही. "इतिहासाले लागंल," एवढंच तो म्हणायचा. फाटकं जाळं, फुटकी बॅटरी, बायको फेकायला निघालेली प्रत्येक वस्तू इतिहासाला लागणार होती. ती बिचारी म्हणायची, "इतिहासाले घरात ठेवा अन् मले बाहेर काढा."

येणाऱ्याने वहीत अभ्यागत म्हणून सही करायची आणि हेतू लिहायचा. लसीकरणाच्या नर्सबाईंनी 'पोलिओ' लिहिलं, तर त्याने खाली शेरा मारला: 'संशोधन नाही.' अभ्यागताला पाणी, संशोधकाला दुधाचा चहा, असा नियम होता. संशोधक येत नसे, पण दूध रोज घेतलं जाई. मांजर गलेलठ्ठ झाली.

दर अमावास्येला व्याख्यान असे. विषय: 'माझ्या कारकिर्दीतील तलाव'. श्रोता बायको, तांदूळ निवडत बसलेली. तो अडखळला की ती म्हणे, "बोला ना जी लवकर, तांदूळ सरून राहिले." वाचक का येत नाहीत, याचंही कारण त्याने शोधून ठेवलं होतं. "जिल्हा तुटला ना गुरुजी. माहे अर्धे वाचक गोंदियात गेले."

तो माजी कसा झाला, तेही सांगायला हवं. उन्हाळ्यात तलाव आटला की आमच्याकडे सगळे सभासद मिळून मासे काढतात. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, सारखे वाटे लावतात. एक जण वाट्यांकडे पाठ करून बसतो. दुसरा वाट्यावर काठी टेकवून विचारतो, "हा कोणाचा?" पाठमोरा एक नाव घेतो आणि तो वाटा त्याचा. कोणाला मोठा मासा जाईल, हे कोणाच्या हाती नसतं. पण बकाराम अध्यक्ष असताना दरवर्षी एक वाटा जास्तीचा लागू लागला. त्यावर काठी टेकली की बकाराम ओरडायचा, "अध्यक्षीय!" आणि तो टोपल्यात भरून चालू पडायचा. शेवटी लोकांनी सभा बोलावली. "दोन-दोन वाटे कोणाच्या पोटात जातेत गा?" असं विचारलं. बकाराम म्हणाला, "नियमात बसत नाही, कबूल हाय. पण कोणाले देतो ते सांगणार नाही." त्याला काढला. गावाने त्याचं नाव 'दोनवाट्या' ठेवलं.

तर अशा माणसाच्या ग्रंथालयात संशोधक धाडायचा, ही माझी गंमत. माझा भाचा नागपूरला पंप दुरुस्त करायचा. त्याला चष्मा घातला, खांद्याला झोळी दिली आणि 'विद्यापीठातून आले आहेत' म्हणून घेऊन गेलो. बकारामने धुतलेलं धोतर नेसून नोटिसा एकेक करून मांडल्या. दुधाचा चहा आला. खिडकीबाहेर माझे मित्र तोंडात रुमाल कोंबून उभे होते.

मी पढवल्याप्रमाणे भाच्याने विचारलं, "अध्यक्ष महोदय, तो जास्तीचा वाटा कोणाकडे जायचा?"

"तेच तर शोधा लागते साहेब," बकाराम म्हणाला. "आजूबाजूले इचारा. ह्या गुरुजीलेच इचारा."

मी कपात बघत राहिलो. बाहेर कोणी तरी फिस्सकन हसलं.

उत्तर मला माहीत होतं. तो वाटा भागरथाबाईकडे जायचा. तिचा नवरा जाळं सोडवताना त्याच तलावात बुडाला होता, आणि सभासद मेला की वाटा बंद, असा संस्थेचा नियम होता. भागरथाबाईचं घर माझ्या घराला लागून. बकाराम टोपलं घेऊन माझ्याच अंगणातून जायचा. "गुरुजी, तिले वाटते नवऱ्याच्या हक्काचा हाय. भीक हाय म्हणून समजलं तर फेकून देईल बाई. तुमी बोलू नोका." त्या सभेत तो माझ्याकडे बघून मान हलवून 'नाही' म्हणाला, म्हणून मी गप्प बसलो. तिथवर माझं चुकलं नाही.

पण पुढे भागरथाबाई वारली. आता सांगायला कोणाची आडकाठी नव्हती. मी सांगितलं नाही, कारण 'दोनवाट्या'ला लोक हसत होते आणि तो किस्सा सगळ्यांत चांगला मी सांगत होतो. ती गेल्यावर महिन्याभरातच टपरीवरचं ते बोलणं झालं होतं.

भाचा गेल्यावर बकाराम कप विसळत म्हणाला, "पोरगा चांगला हाय तुमचा. पंपाचं काम करते ना? नखात ग्रीस होतं."

मी चपला घालायला दाराकडे वळलो.

"असू द्या जी. कोणी तरी बसलं, चहा पेला. दूध मांजरीले जात होतं." मग कपाटाला कुलूप लावत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "दुसरा संशोधक कोण येणार होता गुरुजी? मी तं तुमचीच वाट पाहून राहिलो होतो."

उद्या जाऊन माफी मागू, असं म्हणत मी वर्षं काढली. रस्त्यात दिसला की गल्ली बदलायचो. तो मात्र लांबून हात वर करायचा.

तो गेला तेव्हा शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. संस्थेचे सगळे सभासद होते. मला दोन शब्द बोलायला उभं केलं. भागरथाबाईचं नाव अगदी ओठांवर होतं. मी म्हणालो, "बकारामजींचा वाचनाचा व्यासंग दांडगा होता."

सगळे हसले. त्याची बायको पहिल्या ओळीत बसली होती, ती हसली नाही. मी पुढे बोलायला तोंड उघडलं, पण तोवर मागून कोणी टाळ्या वाजवल्या आणि मी खाली बसलो.