नमस्कार, मी कैदी बोलतोय

सत्य जाणून घेणे हा ग्राहकाचा पवित्र हक्क आहे. म्हणूनच दुबईत तुरुंगातल्या कैद्यांकरवी फोनवर गाद्या विकणाऱ्या कंपनीला नियम लागू झाला: कैद्याने पहिल्याच वाक्यात आपण कैदी असल्याचे जाहीर करावे. गादीत काय भरले आहे, याबद्दल नियम गप्प होता.

अक्रम परकार हे त्या विक्रेत्या कैद्यांपैकी एक. परवान्याशिवाय शारजा-दुबई कारलिफ्ट, म्हणजे खासगी गाडीतून भाड्याने प्रवासी वाहतूक, चालवली म्हणून ते आत होते. टार्गेट गाठले तर शिक्षेत सूट मिळणार होती, आणि दापोलीत लेकीचा, सफाचा, निकाह गाठता येणार होता. आता कैद्याकडून गादी घेणार कोण?

त्यांनी देवाचे नाव घेऊन फोन लावला. "नमस्कार. कायद्यानुसार कळवतो, मी कैदी बोलतोय."

पलीकडे शारजा औद्योगिक क्षेत्रातला कामगार किसन होता. "भाऊ, खोलीत किती जण?"

"चार."

"आमी बारा! एसी?"

"चोवीस तास."

"मजा आहे राव. पासपोर्ट?"

"ऑफिसात जमा."

"आमचाबी. सुटणार कधी?"

"सूट मिळाली तर मार्चात, इन्शाल्ला."

"म्हंजे महिना ठरलाय! आमचा मॅनेजर नुसता 'बघू' म्हणतो." किसनने सुस्कारा सोडला. "तुमी झोपता तीच गादी का ही?"

"तीच."

"मग पाठवा एक."

अबू धाबीच्या अल रीम आयलंडवरच्या संजनाताई मीटिंगमध्ये होत्या. तरी 'कैदी' शब्द ऐकून हळूच बाहेर आल्या. "सहाला काम खलास? नंतर बॉसचे मेसेज?"

"मॅडम, मोबाइल काढूनच घेतात."

"काय सांगता!" त्यांनी दोन गाद्या घेतल्या.

अक्रमभाईंचा आकडा असा चढला, की कंपनीच्या दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या पगारी विक्रेत्यांत खळबळ माजली. त्यांच्यातल्या रोशनने तक्रार ठोकली: कैद्यांना अवाजवी फायदा मिळतो. नियमपालन अधिकारी साधना मॅडमनी समानतेच्या तत्त्वावर तोडगा काढला. पगारी माणसांनी म्हणावे, 'मी स्वतंत्र माणूस बोलतोय.'

विधी विभागाने पुरावा मागितला. रोशनची फाइल उघडली: दोन वर्षांचा बाँड, तीन महिन्यांची नोटीस, रजेचे अर्ज नामंजूर.

"सॉरी रोशन, तुमच्या बाबतीत हे वाक्य ग्राहकाची दिशाभूल ठरेल," साधना मॅडम म्हणाल्या.

"मग मी काय बोलू, मॅडम?"

"नुसतं नमस्कार म्हणा. बाकीचं लोक समजून घेतात."

अक्रमभाईंनी टार्गेट पार केले. निरोप देताना जेलरसाहेब खरोखर हळवे झाले. "यल्ला हबीबी, असा सेल्समन पुन्हा मिळणार नाही."

विमान वेळेवर उतरले. अक्रमभाई दापोलीला पोचले, नवा कुर्ता घालून मांडवात पहिल्या रांगेत बसले आणि लेकीकडे डोळे भरून पाहिले.

निकाह फोनवर लागला. नवरा मुलगा अबू धाबीत नोकरीला होता, तुमच्याआमच्यासारखा मोकळा माणूस. त्याला रजा मिळाली नव्हती.