परबकाकांचं रेलिंग

परबकाकांच्या भिंतीवर त्यांची ऑफिसची जुनी पँट टांगलेली आहे. वाळत घातलेली नव्हे. खिळे ठोकून, कायमची. उजव्या खिशात विजेची बिलं, डाव्यात चष्मा, मागच्या खिशात कंगवा. दोन्ही पायांची तोंडं शिवलेली. एका पायात छत्री असते, दुसऱ्यात कांदे. ती टांगल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा ते आतून म्हणाले, "बाय, डाव्या पायातलो एक कांदो काढ गो," आणि मी क्षणभर माझ्याच पायाकडे बघत राहिले.

लालबागच्या आमच्या चाळीत ते आमचे शेजारी. हयात गेली एका विमा कंपनीत कारकुनी करण्यात. हातोडा कधी हातात धरला नव्हता. काकू गेल्या आणि मग हे सगळं सुरू झालं. कुकरच्या झाकणाचं घड्याळ झालं. दाराच्या मुठीच्या जागी आमटीचा डाव आला, त्यामुळे त्यांच्याकडे जाणारा प्रत्येक जण आधी वाढायच्या पवित्र्यात उभा राहतो. मिक्सरच्या भांड्यात दिवा बसला. तो लावला की उजेडाबरोबर घरभर मसाल्याचा वास सुटतो.

चाळीत मोडकी वस्तू कचऱ्यात टाकणं अवघड होऊन बसलं, कारण जिन्याकडे जायचं तर त्यांच्या दारावरूनच. "फेकतास कित्याक? अजून जीव हा त्येच्यात," हे ठरलेलं वाक्य. शेवटच्या खोलीतल्या रोझीआंटी एकदा पडद्याचा वाकलेला रॉड पाठीमागे लपवून निघाल्या आणि सापडल्या.

"सोड ना रे परब, हा मेलेला आहे."

"डॉक्टर तू काय मी?" म्हणत काकांनी रॉड ठेवून घेतला.

मग आई घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालवा. पण आमचे संडास गॅलरीच्या पार टोकाला, आणि वाटेत पाण्याची पिंपं, चपलांचे स्टँड. वॉकर अडकायचा. एकदा भिंत धरून जाताना तिचा तोल गेला आणि तिनं धास्तीच घेतली. खोलीत भांडं ठेवू म्हटलं तर तेही नको. त्यापेक्षा तिनं पाणी पिणंच सोडल्यासारखं केलं. "तहान नाही गं," म्हणायची. ओठ मात्र सुकलेले.

परबकाका तिला बघायला आले. "बसा भावजी," आई म्हणाली. ते बसले आणि तिच्या उशाशी असलेल्या भरल्या तांब्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत ड्रिलचा आवाज सुरू झाला.

दोन दारांमधल्या प्रत्येक भिंतीवर त्यांनी धरायला काहीतरी बसवलं. रोझीआंटींचा रॉड, सरळ करून. राणे कुटुंबाच्या मोडक्या खाटेचा पाइप. वळणावर सायकलचं हँडल, घंटीसकट. आईनं तिथे पोचून घंटी वाजवली की संडासात रेंगाळणारे लगबगीनं बाहेर यायचे. एरवी त्यांच्यापासून भंगार लपवणारे लोक आता आपणहून घेऊन येत होते. तरी शेवटच्या भिंतीला काही पुरेना. काका घरात गेले आणि एक जुना, हाताळून गुळगुळीत झालेला वेळू घेऊन आले.

संध्याकाळी मी त्यांना जेवायला बोलवायला गेले. छताखाली काकूंची साड्या वाळत घालायची वेळूची ओलणी दिसेना. काकू जाऊन एवढी वर्षं झाली, तरी त्यांची एक हिरवी साडी तिच्यावर कायम असायची. ती घडी करून खाटेवर ठेवली होती. मी काही विचारायच्या आत काका म्हणाले, "वेळू चांगलो हा. वहिनींच्या हातात बसतलो."

आणि बसला. आई पहिल्यांदा त्या टोकापर्यंत गेली तेव्हा काका तिच्या मागोमाग, हात न लावता, चालत होते. परत येऊन ती घटाघटा पाणी प्यायली.

आता आई काही न धरता चालते. तरी काकांच्या दाराजवळचा एक स्क्रू सारखा सैल होतो. मग आई त्यांचं दार वाजवते, "भावजी, पुन्हा हलतंय हो." काका स्क्रूड्रायव्हर घेऊन येतात, आवळतात आणि आमच्याकडे चहाला थांबतात. पुष्कळदा जेवूनच जातात. एका दुपारी मी ऑफिसातून लवकर आले, तर आई इकडेतिकडे बघत रुपयाच्या नाण्यानं तो स्क्रू फिरवत होती. मी तशीच जिन्यात थांबले.

त्यानंतर काका पुन्हा आवळायला आले तेव्हा मी म्हटलं, "काका, इथे एकदाचा लांब स्क्रू मारा ना. सारखं निघणार नाही."

त्यांनी आमच्या दाराकडे बघितलं. आत आई कप मांडत होती.

"लांब स्क्रू आसत माझ्याकडे," ते हळूच म्हणाले. "वहिनींका सांगा नको."

आणि जुनाच स्क्रू जेमतेम आवळून ते चहाला आत गेले.