पोळ्याचा रंग आणि वकिलांचे धोतर

माणसाची योग्यता तो पाहुण्याला कशावर बसवतो यावरून ठरते. विद्या, चारित्र्य वगैरे गोष्टी पाहुणा बसल्यानंतरच्या आहेत.

अंबडच्या तहसील कचेरीतले पेशकार जगन्नाथराव हे जाणून होते. निजामी गेली तेव्हा कचेरीच्या जुन्या सामानाच्या लिलावातून त्यांनी एक रेक्झिनची खुर्ची घरी आणली होती. (रेक्झिन दिसते चामड्यासारखे, पण चामडे नसते, त्यामुळे ऐटही साधते आणि सोवळेही मोडत नाही. इतका समतोल फार थोड्या वस्तूंना जमला आहे.) आता त्या रेक्झिनचा रंग पार उडाला होता, आणि रविवारी मंठ्याचे बद्रीनाथराव वकील आपल्या मुलासाठी जगन्नाथरावांच्या मुलीला, शरयूला, पाहायला येणार होते. या वकिलांची ख्याती अशी, की चहाचा कप खाली ठेवला की ते “कळवतो” म्हणून उठत, आणि कळवत कधीच नसत.

“वरून चादर टाका की,” त्यांच्या पत्नी उमाबाई म्हणाल्या.

“झाकलेलं लोक आधी उचलून बघतात.”

तेव्हा रंगवणे आले. घरात बैलांच्या शिंगांना लावायचा तांबडा रंग पोळ्यापासून उरला होता. जो शिंगाला चालतो तो रेक्झिनला का चालू नये, याला जगन्नाथरावांकडे उत्तर नव्हते. म्हणून तो चालेल असे ठरले. शेत पाहणाऱ्या पुंजारामनेही ग्वाही दिली. “लई पक्का रंग हाय, मालक. दिवाळीला शिंगाला हात लावा, हात लाल.”

रेक्झिन रंग पीत नाही. रंग वरच राहिला, चकाकला, आणि रविवार उजाडला तरी चकाकतच होता. जगन्नाथरावांनी बोट टेकवून पाहिले. बोट निघाले, पण नाइलाजाने.

“पकड चांगली धरलीय.”

“अहो, मघाशी बसलेली माशी अजून उठून नाही राह्यली.”

“मंग तिला आवडली असेल.”

वकील पांढऱ्याशुभ्र धोतरात आले आणि घरातल्या त्या एकुलत्या एक खुर्चीवर मानाने बसले. शरयूने चहा आणला. कप रिकामा झाला. “कळवतो,” म्हणत वकील उठू लागले. त्यांच्याबरोबर खुर्चीही उठली, आणि दोघेही परत खाली बसले. वकिलांनी चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. (आपला साक्षीदार भर कोर्टात उलटला तरी ते असेच बसतात म्हणे.)

“तशी घाई काय आहे म्हणा,” ते म्हणाले.

“बिलकुल नाही,” शरयू म्हणाली. खुर्चीचे पाय अधांतरी झालेले तिने पाहिले होते. तिने पोहे आणले. मग आणखी पोहे आणले.

वकिलांनी शिक्षण विचारले, स्वयंपाक विचारला, गोत्र विचारले, आणि थोड्या वेळाने पुन्हा गोत्र विचारले. मंठ्याची शेवटची मोटार निघून गेली. दिवेलागण झाली. परक्याच्या घरी धोतर मागणे अब्रूला शोभत नाही; व्याह्याकडे मागता येते. हा मुद्दा ध्यानात यायला वकिलांना वेळ लागला, पण आल्यावर त्यांनी युक्तिवाद लांबवला नाही.

“जगन्नाथराव, सोयरीक पक्की समजा,” ते म्हणाले. “आता बायकांना आत जाऊ द्या, अन् एक धोतर आणा.”

लग्न झाले. शरयू मंठ्यात सुखात आहे. खुर्ची अंबडात उपवर मुलींच्या घरोघर मागून नेली जाते. रंग अजून वाळलेला नाही.

हे वाचून कुणाला हसू येत असेल तर त्यांनी अवश्य हसावे. फक्त आधी आपापल्या खुर्चीवरून उठावे, चारचौघांकडे पाठ करून उभे राहावे, आणि मग हसावे.