इंगळे मॅडमचा उपास

माणूस समोर आला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. आमच्या इंगळे मॅडम पोटरीकडे बघतात. एका लग्नात नवरदेव पाया पडायला वाकला, तर आशीर्वाद राहिला बाजूला. म्हणाल्या, "उभा राह्य बरं. पायजमा वर कर जरा. पोटरी मस्त हाये, पण चालत नाही तू!"

बुलडाण्यातल्या एका एमआरआय सेंटरात मॅडम माणसाच्या स्नायूंच्या पेशींत साठलेली चरबी मोजतात आणि मी त्यांच्या हाताखाली काम करते. मी मूळची मालवणकडची. सातवीत शाळा सुटली, नवरा वारल्यावर मावसबहिणीच्या आधारानं एवढ्या लांब आले. नोकरी मागायला गेले तेव्हा मॅडमनी दाखला विचारला नाही. "चालतेस का?" एवढंच. म्हटलं, पाण्यासाठी रोज घाटी चढायचे. "मंग ये उद्यापासून!" तेव्हापासून मी रोज त्यांचे उपकार आठवते आणि रोज घाबरते, आज काढतील म्हणून.

मशीन म्हणजे भलंमोठं लोहचुंबक. "ना सुई, ना सुरी!" हे मॅडम येईल त्याला ऐकवतात. पाय आत ठेवायचा, हलायचं नाही. पडद्यावर बारीक बारीक टेकड्या उमटतात. मला काही कळेना, तेव्हा त्यांनी गोष्ट स्वयंपाकावर आणली. "भाजीवर तरंगते ते तर्री. वांग्यात मुरते ते तेल येगळं. दोघायची टेकडी येगळी. मले मुरलेलं मोजाचं हाये." आता रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस मला भरलं वांगं दिसतो.

मशीन आम्हाला फक्त रविवारी सकाळी मिळतं. त्या रविवारी अमडापूरहून तीन बायका यायच्या होत्या. आदल्या दिवशी मॅडमनी दिलेली चिठ्ठी मी फोनवर अक्षर न् अक्षर वाचून दाखवली होती.

बायका आल्या, जोडवी काढून बसल्या. मॅडमनी विचारलं, "उपाशीच आल्या ना?"

"हाव ना!" त्यांच्यातल्या कमलबाई म्हणाल्या. "पक्का उपास. पहाटेच साबुदाण्याची उसळ केली, दाण्याचं कूट टाकून. वरून दोन केळी. तुमच्यासाठीबी आणली डब्यात."

"म्या तं भगरबी खाल्ली," दुसरी म्हणाली.

"सुनंदा!" मॅडम ओरडल्या.

सुनंदा म्हणजे मी. मोजायच्या आधी पोट रिकामं लागतं. अख्खी सकाळ वाया गेली होती. वाटलं, सातवी शिकलेली मी, वाचण्यातच चुकले असणार. "मॅडम, काढू नका मला," म्हणत चिठ्ठी पुढे केली.

मॅडमनी ती वाचली. चष्मा पुसून परत वाचली. त्यांच्याच अक्षरात होतं : रात्री जेवल्यावर उपास धरून यावे.

"रडून काऊन राह्यली व? तू बरोबर वाचलं. म्याच चूक लेहलं."

कमलबाईंना हसू आवरेना. "माय व! एवढ्या शिकल्या मॅडम, अन् उपासाले काय खातेत हे माहीत नाही?"

"आमी बौद्ध. आमच्या घरी देवाचा उपास कोणी धरेच नाही," मॅडम म्हणाल्या. "पीठ कमी पडलं का माय आमाले वाढे अन् म्हणे, माहा आज उपास हाये. उपास म्हटलं का मले तेच आठवते, काईच नाही खायचं. लेहतानाबी तेच आठवलं."

कमलबाईंनी डबा उघडला आणि झाकणातच मॅडमना उसळ वाढली. मॅडम खाली मान घालून खात राहिल्या. त्यांनी आणखी वाढली, मॅडमनी पुरे म्हटलं नाही.

मग हात धुऊन मॅडमनी माझ्यासमोर कोरा कागद ठेवला.

"यायले पुढच्या रविवारी बोलाव. चिठ्ठी आता तूच लेहत जाय."

"मी? सातवीवाली?"

"हाव, तूच. लेह, रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काईच नाही. उपास लेहू नको." कागदावर बोट ठेवून त्या जरा थांबल्या. "तो शब्द माह्या मायपाशीच राहू दे."